पहिला पाठ कोणता घ्यावा?

वेब प्रोग्रॅमिंग शिकू पाहणारी बेळगाव-निपाणीकडील मुले आम्हांस विचारतात, आरंभ कोठून करावा? साधने थोडी घ्यावीत, असे आम्ही सांगतो. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातील काही पाठ मराठीतून विनामूल्य ऐकता येतात. त्याने पहिली भीती जाते. पुढे मात्र एमडीएनची इंग्रजी पाने वाचावीच लागतात, आणि त्यात कमीपणा नाही. सीमाभागात आम्ही तीन भाषा वागवतोच!

साधन पारखण्याची आमची कसोटी मात्र निराळी आहे. ‘मराठी’ या शब्दात आपण अक्षरे तीन मोजतो; जावास्क्रिप्ट त्याची लांबी पाच सांगते, कारण काना आणि वेलांटी ही युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्हे आहेत. ज्या पाठमालेत याचा उल्लेखही नाही, ती लिहिणाऱ्याच्या मनात आपली लिपी नव्हतीच, असे आम्ही समजतो. तेवढ्यावर विसंबून कोणी गावच्या वाचनालयाचे संकेतस्थळ केले आणि ग्रंथनामाच्या चौकटीला दहाची मर्यादा घातली, तर अवघ्या चार अक्षरांची ‘ज्ञानेश्वरी’ही तीत मावणार नाही. शेवटची वेलांटी गळून तेथे ‘ज्ञानेश्वर’ उरेल, ग्रंथाच्या जागी ग्रंथकर्ता.