रिकामा रकाना

गुरुवार, रात्री उशिरा.

अर्जातला 'प्राथमिक निष्कर्ष' हा रकाना अजून भरायचाच आहे. औषधांना दाद न देणाऱ्या क्लेबसिएला जिवाणूवर जिवाणूभक्षक विषाणू सोडून पाहायचे, एवढाच आमचा प्रस्ताव. ते चालतील की नाही हे आधीच ठाऊक असतं, तर पैसे कशाला मागितले असते? पण समितीला आधी पुरावा हवा, आणि पुरावा जमवायला आधी अनुदान. शिवाय दर सहा महिन्यांनी काय साध्य होईल, त्याचा तक्ता. (विषाणूंना तो कोण वाचून दाखवणार?)

संशोधक कातालिन कारिको आठवल्या. एमआरएनएवरच्या त्यांच्या कामाला अनुदान मिळेना. १९९५मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांची पदावनती झाली. ड्रू वाइसमन यांच्याबरोबरचा कळीचा शोधनिबंध २००५चा, नोबेल २०२३चं. मधल्या महासाथीत त्याच तंत्राच्या लशींनी लाखो जीव वाचवले. ही गोष्ट हल्ली भाषणात सगळेच सांगतात. अर्ज तपासताना मात्र कुणाला आठवत नाही.

अमेरिकेच्या एनआयएच या आरोग्य-संशोधन संस्थेनं २००७पासून नव्या संशोधकांसाठी एक पुरस्कार ठेवलाय, त्याला प्राथमिक निष्कर्षांची अट नाही. आपल्याकडे आयसीएमआरनंही २०२४मध्ये 'फर्स्ट इन द वर्ल्ड चॅलेंज' आणलं. बरंच झालं. पण फसलेल्या प्रकल्पाचा हिशेब देताना संशोधकाला आरोपीसारखं उभं केलं, तर पुढच्या खेपेला तो हमखास जमणारंच काहीतरी मागणार. तेव्हा समितीतल्या मंडळींनो, प्रयोग फसल्याचा प्रामाणिक अहवालही उपयोगिता प्रमाणपत्रासोबत दाखल करून घ्या.