रजेवर आहे असंच सांग

भीमताल, १७ मार्च

प्रिय आई,

पोचल्याचं बाबांना फोनवर सांगितलं होतं. पण ते तुला "पोचली, बरी आहे" एवढंच सांगणार आणि पेपर उघडणार, म्हणून हे पत्र. तुला फोनवर धड ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलायला लागले की इथे अख्खं घर काय झालं म्हणून गोळा होतं.

काठगोदामला पहाटे पाचला आम्ही तिघं उतरलो. रूळ तिथेच संपतात, पुढे डोंगर. नेमका रंगांचा दिवस, त्यामुळे एक जीप जागची हलेना. जो तो हात जोडून म्हणे, आज माफ करा. नागपूरकराने स्टेशनबाहेर बाकावर पथारी पसरली आणि घोरायला लागला. डॉक्टरीणबाईंनी तेवढ्या वेळात तीन पेशंट फोनवर तपासले. दवाखाना बंद ठेवून आली आहे म्हणे! शेवटी एक रंगलेला ड्रायव्हर दुप्पट पैशांवर तयार झाला आणि वाटेत ज्याने त्याने आमच्याही तोंडाला गुलाल फासला. कानामागचा अजून निघालेला नाही. तुमच्याकडे पुरणपोळ्या झाल्या असतील. आम्ही दिवसभर बिस्किटांवर. वहिनीला पुरण चालतंय का आता, की अजून वास सहन होत नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर फुलं. इथे चैत्राच्या संक्रांतीला फूलदेई असते. मुलं परड्या घेऊन घरोघरी जातात, उंबऱ्यावर फुलं वाहतात, गाणं म्हणतात, आणि घरच्यांनी त्यांच्या ताटात तांदूळ, गूळ, पैसे घालायचे. एक पाचेक वर्षांची बाई होती, नाक वाहतंय, स्वेटरची बाही कोपरापर्यंत ओली, परडीत बुरांशाचा लालभडक गेंद आणि बारीक पिवळी फुलं. गाणं तिला येत नव्हतं, शेवटचा शब्द तेवढा मोठ्याने म्हणायची. मी कॅमेरा आणायला वळले तर ओरडली, आधी गूळ. दिला. मग मात्र फोटोसाठी अशी ताठ उभी राहिली जशी काही पासपोर्ट काढायचाय.

घरमालकीण वहिनी बोलघेवडी आहे. चैत्रात भाऊ लग्न झालेल्या बहिणीकडे भेट घेऊन येतो, त्याला भिटौली म्हणतात. हिचा भाऊ दिल्लीत नोकरीला. येईल, येईल म्हणते आणि गेटकडे बघते. आवारात होल्याचा आवाज चालू असतो दिवसभर, आपल्याकडे परड्यात असतो तोच ठिपक्यांचा होला. इथे त्याला घुघुती म्हणतात, आणि चैतात घुघुती बोलली की सासुरवाशिणीला माहेर आठवतं. आम्ही तीन पक्षीवेडे इतक्या लांबून आलो, पण होल्याकडे एकानेही लेन्स वळवली नव्हती. काल मी वळवली. मी सासुरवाशीण नाही, तरी जरा गलबलल्यासारखं झालं, मग चहा प्यायले.

सातताल सुंदर आहे. ओकांची दाट सावली, खाली झऱ्याचा ओहोळ, आणि त्या ओहोळाशी पाण्याला येणारे पक्षी. लाल चोचीचा निळा मॅगपाय आला. शेपटीच एवढी लांब की फांदीवर बसताना ती कुठे ठेवावी हे त्यालाच कळत नव्हतं. व्हर्डिटर फ्लायकॅचर आला, मोरचुदासारखा निळा. आता तिथे काही जणांनी आडोसे बांधलेत. माणशी पैसे घेऊन आत बसवतात, समोर केळी नि डाळिंबाचे दाणे मांडलेले असतात, पक्षी येतात, आतले लोक धडाधड बटणं दाबतात. फोटो उत्तम येतात. मला ते पंगतीला बसलेल्या माणसाचा घास घेताना फोटो काढल्यासारखं वाटतं. डॉक्टरीणबाईंशी यावरून वाद झाला. ती म्हणाली, तू झऱ्यावर चार तास बसून जे आणलंस ते मी तिथे दहा मिनिटांत आणलं. खरं आहे ते. पण मला घाई कुठे आहे?

जेवणाचं सांगायचं राहिलं. मडुआची भाकरी म्हणजे शेवटी आपली नाचणीच. चिपळूणहून एवढं लांब येऊन नाचणी खाल्ली. पण वर घरचं तूप, सोबत भट्टाची चुडकाणी. भट्ट म्हणजे काळं सोयाबीन, लोखंडी कढईत खरपूस भाजून दाट रस्सा करतात, रंग अगदी शाईसारखा. काकडीच्या रायत्यात कच्ची मोहरी वाटून घालतात, पहिला घास सरळ मेंदूत जातो. भांगेच्या बियांची चटणी असते. बाबांना सांगू नकोस, उगाच भाषण देतील. त्या बियांना नशा नसते.

नैनिताल पाहिलं. तळं आहे, गर्दी आहे.

टाकी गळायची थांबली का?

तुझी


मुनस्यारी, २१ मार्च

आई,

हात गारठलेत, अक्षर लावून घे.

अल्मोड्याच्या पुढे रस्ता जो वळायला लागतो तो संपतच नाही. थल गेलं, बिर्थीचा धबधबा गेला (उंच आहे, खाली मॅगी मिळते, महाग), मग कालामुनीची खिंड. तिथे देवीच्या देवळात घंटाच घंटा बांधलेल्या. ड्रायव्हरने गाडी थांबवून नमस्कार केला, तेव्हा पुढचा उतार कसा असणार ते कळलं. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना उलटीच्या गोळ्या दिल्या आणि स्वतः घ्यायची विसरली.

आणि खिंड ओलांडली की समोर पंचाचुली. पाच सुळके, सगळ्यात उंच ६,९०४ मीटरचा. स्वर्गाला निघण्यापूर्वी पांडवांसाठी द्रौपदीने शेवटचा स्वयंपाक इथे केला म्हणतात. नागपूरकर म्हणाला, "पाच जणायले पाच चुली? बिचारीले एका चुलीवर भागवता नसतं आलं काय?"

त्याच नागपूरकराने दुसऱ्या दिवशी आम्हाला चारला उठवलं, सूर्योदय पाहिजे म्हणून. अंधारात, थंडीत कुडकुडत, दीड तास गच्चीवर. सूर्य उगवला तो शिखरांच्या मागून, कारण शिखरं आमच्या पूर्वेला. समोर नुसती काळी करवत आणि डोळ्यांवर तिरीप. मालक ब्लँकेट पांघरून चहा घेऊन वर आला आणि शांतपणे म्हणाला, "साहब, यह तो शाम का पहाड़ है।" खरंच संध्याकाळी बघण्यासारखा. मावळतीचं ऊन समोरून पडतं. खाली गोरीगंगेची दरी काळोखात बुडालेली असते तेव्हा वर बर्फ आधी पिवळं, मग केशरी, मग मिनिटभर गुलाबी, आणि मग एकदम राखेसारखं. नागपूरकर तेवढ्या वेळात एक शब्द बोलला नाही, यावरून काय ते समज.

बाबांना हे वाचून दाखव. बर्फाचा फोटो काढला की करडा येतो. कॅमेऱ्याचं गणित असं की समोरचं सगळं मध्यम करड्या उजेडाचं असणार. एवढं पांढरं दिसलं की त्याला वाटतं उजेड जास्त झाला आणि तो उजेड कमी करून टाकतो. म्हणून आपण एक-दीड स्टॉप उजेड वाढवून द्यायचा. बॅटऱ्या थंडीत मरतात, म्हणून दिवसा आतल्या खिशात आणि रात्री पांघरुणात घेऊन झोपते. बाहेरचा गार कॅमेरा एकदम बुखारीच्या खोलीत आणला की काचेवर दव धरतं, म्हणून दाराबाहेरच पिशवीत घट्ट बांधायचा आणि तासभर तसाच ठेवायचा. त्यांच्या आग्फा क्लिकला हे लाड लागत नव्हते. बारा फोटोंचा रोल, तो गणपतीत सुरू व्हायचा आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत संपायचा. मी काल एका संध्याकाळी चारशे काढले. आता त्यातले चांगले निवडणं म्हणजे तांदूळ निवडण्यापेक्षा वाईट.

गरम पाणी बादलीला पन्नास रुपये. तीन जणांत दोन बादल्या. कोणी आंघोळ केली नाही हे सांगत नाही.


मुनस्यारी, २६ मार्च

आई,

आज चिडलेली आहे, आधीच सांगते.

काल जंगलाच्या एका चौकीवर गेलो, परवानगी काढायला. साहेब उन्हात खुर्ची टाकून शेंगा सोलत बसलेले. कानटोपी, पायाशी टरफलांचा ढीग. अर्ज पुढे केला. त्यात व्यवसायाचा रकाना. मी कोरा सोडलेला. "क्या करती हैं आप?" म्हटलं, सध्या काही नाही. "कुछ तो करती होंगी।" म्हटलं, नोकरी सोडली जानेवारीत. आता फिरते, फोटो काढते. त्यांनी शेंगा बाजूला ठेवल्या. फोटो काढता म्हणजे फोटोग्राफर. फोटोग्राफर म्हणजे धंदा. धंदा म्हणजे परवानगी देहरादूनची. म्हटलं, हौस आहे. मग ट्रायपॉड कशाला? ट्रायपॉड आला की ते शूटिंग. नागपूरकर मध्ये पडला, त्याने व्यवसाय म्हणून "बँक, स्वेच्छानिवृत्त" लिहिलं होतं, ते साहेबांना फार पसंत पडलं. त्याला चार शेंगा मिळाल्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांचा रक्तदाब विचारला. माझ्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हाताने "गृहिणी" लिहिलं आणि ट्रायपॉड चौकीत ठेवून घेतला. पावती दिली, "तिपाई, १ नग". संध्याकाळी परत मिळाला, पण एका पायाचं रबर गायब.

त्यात तुझा निरोप, "पुढे काय ठरवलंस". तू शेजारच्या काकूंना मी रजेवर आहे असं सांगतेस, वहिनीने कळवलं मला. सांग, माझी हरकत नाही. पण ऑफिसातल्या मुली मार्च एंडचे हाल लिहून पाठवतात ते वाचून मला हेवा वाटत नाही, एवढं तुलाच सांगून ठेवते. पैशांचा हिशेब करून निघाले आहे, तो कागद माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे, बाबांना दाखव. पुढचं ठरलं की तुला पहिलं कळेल. ठरलेलं नाही. रोज विचारून ते लवकर ठरणार नाही.

चिडून दुपारी एकटीच इथल्या संग्रहालयात गेले. डॉ. शेरसिंह पांगती म्हणून अभ्यासक होते, त्यांनी आपल्या जोहार खोऱ्याच्या लोकांच्या वस्तू जमवून उभं केलंय. मिठाच्या नि लोकरीच्या व्यापारातल्या पिशव्या, लाकडी भांडी, लोकरीची जाडजूड वस्त्रं. ही माणसं खिंडी ओलांडून तिबेटशी व्यापार करायची. १९६२ च्या युद्धानंतर तो बंद पडला आणि वरची गावं ओस पडत गेली. तुला आवडेल अशी गोष्ट या खोऱ्यातल्या मिलमच्या नैनसिंह रावतांची. गावातले शाळामास्तर, म्हणून त्यांना पंडित म्हणत. १८६३ मध्ये सर्व्हे खात्याने त्यांना हेरगिरीने मोजणी करायला शिकवलं, कारण तिबेटात गोऱ्यांना बंदी होती. मैलाला २,००० पावलं असं चालणं अंगी बाणवलं, आणि पावलं मोजायला जपमाळ. तुझ्या माळेत १०८ मणी, त्यांच्या माळेत १००. शंभर पावलांना एक मणी ओढायचा. टिपणं प्रार्थनाचक्रात लपवलेली. असा हा माणूस १८६६ च्या जानेवारीत ल्हासाला पोचला. पुढे १८७७ मध्ये लंडनच्या भूगोल संस्थेने सुवर्णपदक दिलं. तुझी माळ घेऊन मीही आज बाजारातून घरापर्यंत मोजून पाहिलं असतं, पण चढ असा की तिसऱ्या मण्यालाच श्वास संपला असता.

राजमा खाऊन राग जरा उतरला. इथला राजमा पातळ सालीचा असतो, तोंडात विरघळतो. दोन किलो घेतलाय. भाव विचारू नकोस.


मुनस्यारी, ३० मार्च, पाडवा

आई,

फोन लागत नव्हता सकाळी, रेंज ढगात. इकडे गुढी उभारली, काळजी करू नकोस.

काठी म्हणून ट्रायपॉड उलटा लांब केला, बाकी काही सरळ सापडेना. (रबर नसलेला पाय वर.) डॉक्टरीणबाईंची जरीच्या काठाची ओढणी, त्यावर स्टीलचा ग्लास, बुरांशाच्या फुलांची माळ. बत्तासे इथे मिळाले नाहीत. बाल मिठाईवर साखरेचे पांढरे दाणे असतात, नागपूरकर म्हणाला तेच ओवू, पण सुई घातली की खवा भुसभुशीत होऊन पडतो आणि पडलेला तो खातो. कडुनिंब एवढ्या थंडीत कुठला? मेथीदाणे आणि गूळ चावले. मालकाची मुलं विचारायला आली हे काय. सांगितलं नवं वर्ष. तर म्हणाली, आमचं आत्ताच झालं ना, फुलं वाहिली तेव्हा.

कालचं खालिया टॉप जमलं. ओकातून चढ, वर बुरांश, मग झाडं संपून कुरण आणि त्यावर घोट्यापर्यंत बर्फ. मोनाल दिसला! उत्तराखंडचा राज्यपक्षी. कोणीतरी सगळे रंग एकावरच सांडलेत, हिरवा, तांबडा, जांभळा. उतारावर चोचीने बर्फ उकरत होता. नागपूरकर पोटावर पडून सरकत गेला, कपडे भिजले, आणि त्याला हवा तसा फोटो मिळाला, समोरून, डोळ्यात चमक. मग मी पुढे झाले आणि तो शिट्टी मारत दरीत झेपावला. माझ्याकडे मोनालची पांढरी पाठ आहे, फार स्पष्ट आलीय. नागपूरकर तो फोटो फ्रेम करून माझ्या वाढदिवसाला देणार आहे म्हणे. रात्री पायांत गोळे आले, तिघं एका बुखारीशी बसून कॉलेजातल्या गोष्टी उगाळत बसलो, त्याच त्या, आणि तेवढंच हसलो.

आता भूक घरच्या जेवणाची. भट्ट झाला, राजमा झाला, आता मला आमसुलाची कढी हवी आणि गरम भात. मासे तू आणशीलच. येताना अल्मोड्याहून सिंगोडी घेते, खवा पानाच्या कोनात भरलेला असतो, पण प्रवासात टिकणार नाही असं वाटतंय. बाल मिठाई टिकते. बाबांना एकच तुकडा, आणि गुडघ्याचे व्यायाम केले तरच.

परतीचं तिकीट वेटिंगवर होतं ते आज पक्कं झालं. मी आधी पुण्याला उतरून घर झाडून, मग चिपळूणला येते. आंब्याच्या पेट्या मावशीकडच्या माणसाकडूनच सांग, गेल्या वर्षीचा नको. आणि महिनाभर राहणार आहे, माझी खोली वहिनीसाठी लावली असशील तर मी माळ्यावर झोपेन.

खाली जीपवाला भोंगा वाजवतोय, थांबायचे वेगळे पैसे लावेन म्हणतोय. बाकीचं आल्यावर.

तुझी