चिठ्ठीने दाढ वाचत नाही

मागच्या आठवड्यात पाचवीतल्या एका मुलीची दाढ काढली. खालची, उजवीकडची. दातांच्या डॉक्टरने एक दाढ काढली, यात लिहिण्यासारखं काय? पण ही दाढ माझ्या ओळखीची होती.

वर्षभरापूर्वी, ती मुलगी चौथीत असताना, तिच्या शाळेत आम्ही तपासणी शिबिर घेतलं होतं. तेव्हा त्या दाढेवर एक बारीक काळा खड्डा होता. मी तो पाहिला, तक्त्यात नोंदवला आणि मुलीच्या हातात चिठ्ठी दिली : "दाढ किडली आहे. दातांच्या डॉक्टरांना दाखवावे."

ती चिठ्ठी आईने जपून ठेवली होती. प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाबरोबर. माझ्या टेबलावर ठेवत ती म्हणाली, "तवा दुखत नव्हतं ना बाई. एक दिवसाची मजुरी बुडवायची, वर दोघींचं एसटीचं भाडं. आणि दुधाची दाढ असंल, पडंल आणि दुसरी येईल, असं वाटलं."

तिची चूक म्हणून मी हे सांगत नाही. हा गैरसमज शहरातल्या शिकलेल्या घरांतही आहे. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. ती येताना दुधाचा कोणताही दात पडत नाही, त्यामुळे तीही दुधाचीच वाटते. तिच्यावर खोल खाचा असतात, मुलांचा ब्रश तिथपर्यंत नीट पोचत नाही, म्हणून ती लवकर किडते. आणि एकदा गेली की तिच्या जागी दुसरी येत नाही.

मुलीच्या दाढेचा वरचा भाग तुटून गेला होता आणि मुळाशी पू झाला होता. रूट कॅनाल, त्यावर कॅप, त्यासाठी चार-पाच खेपा हे त्या घराला झेपणारं नव्हतं, आणि दाढही तेवढी उरली नव्हती. दहा वर्षांच्या मुलीला भूल देऊन मी तिची कायमची दाढ काढली.

मी तेव्हा काय म्हणाले होते

त्या शिबिरात दीडशेच्या आसपास मुलं एका दिवसात तपासली होती. चिठ्ठ्यांचा गठ्ठा वाटला. नंतर दवाखान्यात आली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

त्या दिवशी माझ्यासोबत आमच्या दवाखान्यातली डेंटल हायजिनिस्ट होती. सगळे तिला ताई म्हणतात. हीच मुलगी खुर्चीवरून उतरल्यावर ताई हळूच म्हणाली, "मॅडम, एवढासाच खड्डा आहे. इथंच बंद केला तर?"

मी म्हणाले, "शिबिर तपासणीचं आहे. आणि ते तुझं काम नाही."

दुसरं वाक्य कायद्याने बरोबर होतं. तरी आठवडाभर तेच कानात घुमतंय.

हायजिनिस्ट म्हणजे कोण?

बऱ्याच पेशंटना ती डॉक्टरांची मदतनीस किंवा नर्स वाटते. तसं नाही. बारावीनंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रम करून, नोंदणी करून ती काम करते. आपल्या 1948 च्या दंतवैद्यक कायद्यात तिची व्याख्या आहे : दातांवरचं कीटण काढणं, दात साफ व गुळगुळीत करणं आणि तोंडाच्या स्वच्छतेचं शिक्षण देणं. म्हणजे स्वतंत्र भारताच्या कायद्याला ती पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. तालुक्याच्या गावात मात्र ती क्वचितच दिसते, आणि दिसलीच तर आमच्यासारख्यांच्या खुर्चीशेजारी उभी.

गंमत म्हणजे हा पेशा जन्मला तो दवाखान्याबाहेर काम करण्यासाठीच. अमेरिकेत ब्रिजपोर्ट या गावी आल्फ्रेड फोन्स या दंतवैद्याने 1906 मध्ये आपल्या मदतनीस आयरीन न्यूमन यांना दात साफ करायला शिकवलं. 1913 मध्ये त्याने हायजिनिस्टांचा पहिला वर्ग सुरू केला, आणि तिथे शिकलेल्या स्त्रिया गावातल्या शाळांमध्ये जाऊन मुलांचे दात साफ करू लागल्या, घासायला शिकवू लागल्या. मुलं दवाखान्यात येण्याची वाट पाहायची नाही, हाच त्यामागचा विचार.

कोणत्या कामाला डॉक्टरच हवा?

रूट कॅनाल, अवघड दाढ काढणं, गाठ किंवा पांढऱ्या चट्ट्याचं निदान, हे डॉक्टरचंच काम. त्यात तडजोड नको. पण दात किडण्याची सुरुवात आणि रूट कॅनालची वेळ यांच्यामध्ये बहुधा काही महिने किंवा वर्षं असतात. या मधल्या काळात दात वाचवायला लागणारी साधनं आज अगदी साधी आहेत.

एक, फ्लोराइड वार्निश. हा लेप ब्रशने दातांवर लावतात. काही मिनिटांचं काम.

दोन, सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. किडलेल्या जागी याचा थेंब लावला की बहुतेक वेळा कीड तिथंच थांबते. इंजेक्शन नाही, ड्रिल नाही. किडलेला भाग मात्र कायमचा काळा दिसतो, हे आईवडिलांना आधी सांगावं लागतं. दात रात्री ठणकत असेल किंवा पू झाला असेल, तर याचा उपयोग नाही.

तीन, हाताच्या अवजारांनी मऊ कीड खरवडून काढून खड्ड्यात ग्लास आयोनोमर सिमेंट भरणं. ही पद्धत 1980 च्या दशकात टांझानियात विकसित झाली, कारण तिथल्या खेड्यांत वीज नव्हती. ती शाळेच्या बाकावरही करता येते.

सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड आणि ग्लास आयोनोमर सिमेंट ही दोन्ही 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आली. माझ्या पेशंट मुलीच्या दाढेला वर्षापूर्वी यातलं एवढंच लागणार होतं.

इतरांनी काय केलं

न्यूझीलंडने 1921 पासून शाळांसाठी खास दंतपरिचारिका तयार केल्या. त्या मुलांचे दात भरत, दुधाचे दात काढत. ब्रिटनमध्ये मे 2013 पासून पेशंट आधी डेंटिस्टकडे न जाता थेट हायजिनिस्टकडे जाऊ शकतो.

अलास्काची गोष्ट आपल्याला जास्त जवळची वाटेल. तिथल्या कित्येक आदिवासी वस्त्यांपर्यंत रस्ताच नाही, छोट्या विमानाने जावं लागतं. डेंटिस्ट तिथे राहायला तयार नसत. मग तिथल्या आदिवासी आरोग्य संस्थेने वस्त्यांमधलीच तरुण मंडळी निवडून 2003 मध्ये न्यूझीलंडला शिकायला पाठवली. परत येऊन ती डेंटिस्टच्या देखरेखीखाली दात भरू लागली. हे हायजिनिस्टच्या एक पायरी पुढचं काम, त्यांना डेंटल थेरपिस्ट म्हणतात. दंतवैद्यांच्या संघटना याविरुद्ध कोर्टात गेल्या आणि 2007 मध्ये हरल्या. थेरपिस्ट आजही काम करताहेत.

इतक्या लांब जायलाही नको. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या स्त्रियांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं, गरज पडली तर इंजेक्शन द्यायलाही. तेव्हाही डॉक्टरांच्या भुवया उंचावल्या. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले : त्या गावांत बालमृत्यू लक्षणीय घटले होते. पुढे घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचं काम देशभरातल्या आशाताईंकडे आलं. इंजेक्शनच्या तुलनेत वार्निशचा ब्रश कितीसा धोक्याचा?

आमचे आक्षेप

मीही या आक्षेपांच्या बाजूने बोलले आहे, म्हणून ते प्रामाणिकपणे मांडते.

पहिला : देशात तीनशेहून अधिक डेंटल कॉलेजं आहेत, बीडीएस झालेली मुलं तुटपुंज्या पगारावर काम करतात, मग हायजिनिस्टला कामं वाटायची कशाला? दुःख खरं आहे. पण ही मुलं शहरात आहेत. कर्ज काढून खुर्ची घेतलेल्या डॉक्टरला रोज ठरावीक पेशंट लागतात, ते वाडीवर मिळत नाहीत. सरकारने शाळा आणि उपकेंद्रांसाठी बीडीएस डॉक्टर पगारावर नेमले तर मला आनंदच होईल. पण एका डॉक्टरसोबत तीन-चार हायजिनिस्ट फिरल्या तर तोच डॉक्टर कितीतरी जास्त गावांना पुरेल. शिवाय त्या बिन-दुखण्याचे पेशंट वेळेवर पाठवतील. आमचं काम कमी होणार नाही. ते दाढ काढण्याऐवजी दाढ वाचवण्याचं होईल.

दुसरा : यातून बोगस दवाखाने फुटतील. ही भीती मला अजूनही वाटते. म्हणून वाढीव कामाची यादी स्पष्ट हवी, वेगळं प्रशिक्षण व परीक्षा हवी, प्रत्येक हायजिनिस्टमागे एक जबाबदार डेंटिस्ट हवा आणि शंका आली तर मोबाइलवर फोटो पाठवून विचारण्याची सोय हवी. बोगस डॉक्टर वाढतो तो जिथे प्रशिक्षित माणूस पोचत नाही तिथे.

तिसरा आक्षेप आम्ही उघड बोलत नाही : आपली खुर्ची. त्यावर मी काय लिहू? त्या मुलीच्या आईसमोर तो मला मांडता आला नसता.

2023 मध्ये 1948 च्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा संसदेने मंजूर केला. हायजिनिस्टला वार्निश, सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड आणि हाताच्या अवजारांनी सिमेंट भरणं एवढी तीन कामं शाळेत व उपकेंद्रात करू द्यावी, असं आम्ही डेंटिस्टनीच म्हणायला हवं. आम्ही म्हटलं नाही तर दुसरं कोण म्हणणार?

तोपर्यंत

कायदा बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसायची गरज नाही, हे मला उशिरा कळलं. परवा आम्ही त्याच शाळेत पुन्हा गेलो. ताईने मुलांचे दात साफ केले, घासायला शिकवलं, कापसाच्या गुंडाळ्या लावून दाढ कोरडी केली. औषध आणि सिमेंट मी लावलं. एका दिवसात चाळीसच मुलं झाली. उरलेल्यांसाठी पुढच्या तीन शनिवारी जाणार आहोत. त्या मुलीच्या उरलेल्या तीन दाढांपैकी एकीत बारीक खड्डा होता, तो भरला. चिठ्ठी दिली नाही.

वाचकांनी एवढं जरूर करावं :

- मूल सहा-सात वर्षांचं झालं की उजेडात तोंड उघडून सगळ्यात मागची दाढ बघा. काळा ठिपका दिसला तर दुखण्याची वाट पाहू नका.
- सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचा ब्रश तुम्ही स्वतः करून द्या. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढीच घ्या.
- कीटण काढल्याने दात हलत नाहीत. हिरडी आधीच सैल झालेली असते, कीटण निघाल्यावर ते जाणवतं.
- मधुमेह असेल किंवा गरोदर असाल तर हिरड्या तपासून घ्या. दात साफ करायला हायजिनिस्ट आली तर "डॉक्टर का नाहीत?" म्हणून नाराज होऊ नका. ती त्याच कामासाठी शिकलेली आहे.
- मिश्री, तंबाखू, गुटखा सोडा. तोंडातली जखम किंवा चट्टा दोन आठवड्यांत बरा झाला नाही तर थेट डॉक्टरला दाखवा.
- तुमच्या शाळेत दातांचं शिबिर होणार असेल तर आयोजकांना एक प्रश्न विचारा : "फक्त तपासणार, की तिथंच काही करणारही?"

हा प्रश्न मला वर्षापूर्वी ताईने विचारला होता. तेव्हाच ऐकायला हवा होता.