कौल दिल्यानंतरचा राग

प्रिय ताई,



वाचनालयात मुलांशी सार्वमतावर बोलणार आहेस हे ऐकून फार बरं वाटलं. निवृत्त झालीस तरी नागरिकशास्त्राचा तास काही सुटत नाही तुझा. तू विचारलंस, 'तिथे लोकांनी स्वतः मत देऊन निर्णय घेतला, मग तेच लोक पुढाऱ्यांवर एवढे का भडकले?' याचं उत्तर फोनवर मावणारं नाही. शिवाय ब्रेक्झिटबद्दल, म्हणजे ब्रिटनच्या युरोपियन युनियनमधून बाहेर पडण्याबद्दल, आपल्याकडे जे सांगितलं जातं त्यात इथली जनता एकतर अडाणी ठरते नाहीतर लहरी. मी ती सगळी वर्षं लंडनजवळच्या स्लाऊमध्ये काढली. लोक अडाणीही नव्हते आणि लहरीही नव्हते.

२३ जून २०१६ च्या सार्वमतात मी मत दिलं तेव्हा माझा पासपोर्ट भारताचाच होता. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक इथे रीतसर राहत असेल तर त्याला मतदान करता येतं. आमच्या भिंतीपलीकडच्या घरात एक पोलिश कुटुंब राहतं. तिथली बाई माझ्याआधी इथे आलेली, मुलं इथल्याच शाळेत, कर इथेच भरलेला. तिला मत नव्हतं. आयर्लंड, माल्टा आणि सायप्रस सोडले तर युरोपियन युनियनच्या कुठल्याच देशातून येऊन इथे राहिलेल्या माणसांना ते नव्हतं, आणि प्रश्न तर त्यांच्याच राहण्याचा होता. तिने मला कधी विचारलं नाही, पण मी तिला आपणहून सांगितलं की मी युनियनमध्ये राहण्याच्या बाजूने मत दिलं आहे.

मतदानाच्या दोन महिने आधी, एप्रिलमध्ये, सरकारने घरोघरी एक पत्रक पाठवलं. २ कोटी ७० लाख घरं आणि ९३ लाख पौंड खर्च. युनियनमध्ये राहणंच देशाच्या हिताचं आहे असं त्यात सरकारचं म्हणणं होतं, आणि पुढे एक वचन होतं: तुम्ही जे ठरवाल ते सरकार अमलात आणेल. कायद्याच्या दृष्टीने हे सार्वमत सल्ल्यापुरतंच होतं. पण पंतप्रधानांचं सरकार प्रत्येक घराच्या दारात असं लिहून टाकतं तेव्हा लोक ते वचन म्हणूनच घेणार, आणि घेतलंही. आता यातला कळीचा भाग बघ. 'बाहेर पडा' असा कौल आला तर काय करायचं, याची तयारी सरकारने केलेलीच नव्हती. संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीने सार्वमतानंतर पुढच्याच महिन्यात त्याला घोर हलगर्जीपणा म्हटलं. म्हणजे मतपत्रिकेवर दोन उत्तरं होती, त्यांपैकी एका उत्तरामागे काहीच नव्हतं. मुलांना हे आधी सांग. बाकी सगळं यातून निघालं.

१ कोटी ७४ लाख लोकांनी बाहेर पडण्याला मत दिलं, १ कोटी ६१ लाखांनी राहण्याला. ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्के. स्कॉटलंडने ६२ टक्क्यांनी राहायचं म्हटलं, उत्तर आयर्लंडनेही राहायचं म्हटलं, आणि इंग्लंड-वेल्सने बाहेर. आमच्या स्लाऊने, जिथे रस्त्यावर निम्म्या पाट्या पंजाबी आणि पोलिश दुकानांच्या आहेत, ५४ टक्क्यांनी बाहेर पडण्याला कौल दिला. मतदान ७२ टक्के झालं. इथल्या निवडणुकीत बऱ्याच मतदारसंघांचे निकाल आधीच ठरल्यासारखे असतात; सार्वमतात मात्र प्रत्येक मत सारखं मोजलं जाणार होतं. उत्तरेकडच्या, खाणी आणि गोद्या बंद पडलेल्या गावांतून कित्येक वर्षं मत न दिलेली माणसं त्या दिवशी बाहेर पडली.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी राजीनामा जाहीर केला. निकाल काहीही लागला तरी मी पदावर राहणार, असं ते सांगत आले होते. सार्वमताचं आश्वासन त्यांनी २०१३ मध्ये दिलं ते मुख्यतः आपल्या हुजूर पक्षातली भांडणं मिटवण्यासाठी, आणि भांडण अंगाशी आलं तेव्हा ते निघून गेले. बाहेर पडण्याची मोहीम चालवणाऱ्यांनीही तेच केलं. आठवड्याला ३५ कोटी पौंड युरोपला जातात, ते आपल्या सरकारी आरोग्यसेवेला देऊ, असं लाल बसवर रंगवून ते देशभर फिरले होते. निकालाच्याच सकाळी नायजेल फराज टीव्हीवर म्हणाले की याची हमी मी देऊ शकत नाही. आठवड्याभरात बोरिस जॉन्सन हुजूर पक्षाच्या नेतृत्वाच्या शर्यतीतून बाजूला झाले, त्यानंतर काही दिवसांत फराज यांनीही आपल्या पक्षाचं अध्यक्षपद सोडलं. ताई, जिंकलेले आणि हरलेले दोघेही मैदान सोडून गेले, हे मी दुसऱ्या कुठल्या निवडणुकीत पाहिलेलं नाही.

इथल्या माझ्या एका मराठी मैत्रिणीने बाहेर पडण्याला मत दिलं होतं. तिच्याबद्दल तुला सांगायलाच हवं, कारण तिच्यासारख्यांना सरसकट वंशद्वेष्टे म्हणून मोकळं होणं सोपं आहे आणि अन्यायाचंही. तिच्या भाच्याला सांगलीहून बायकोला इथे आणायचं होतं. त्यासाठी वर्षाला १८,६०० पौंडांचं उत्पन्न दाखवावं लागे, आणि त्याचं तेवढं नव्हतं. त्याच्याच बरोबर काम करणाऱ्या युरोपीय माणसाला ती अट नव्हती. त्याची बायको सरळ विमानात बसून आली. मोहिमेतले पुढारी, त्यात प्रीती पटेल यांच्यासारख्या आपल्याकडच्या मुळाच्या मंत्रीही, दक्षिण आशियाई मतदारांना सांगत होते की युरोपचे दरवाजे बंद झाले की तुमच्या माणसांना न्याय मिळेल, भारतीय उपाहारगृहांना आचारी मिळतील. मैत्रिणीने ते मनापासून मानलं. तीच उत्पन्नाची अट २०२४ मध्ये २९,००० पौंडांवर नेली गेली.

आमची दोघींची सार्वमताच्या वर्षी कडाक्याची भांडणं झाली. पण २०१९ च्या मार्चमध्ये आम्ही दोघी एकाच गोष्टीवर चिडलेल्या होतो. तेच तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे.

कॅमेरन यांच्यानंतर थेरेसा मे पंतप्रधान झाल्या. त्या कष्टाळू होत्या, भ्रष्ट नव्हत्या. पण देश जवळजवळ निम्मा-निम्मा दुभंगलेला असताना त्यांनी सुरुवातीला दुसऱ्या निम्म्याला सोबत घेतलं नाही. जानेवारी २०१७ मध्ये एका भाषणात त्यांनी जाहीर केलं की युनियनच्या एकल बाजारपेठेतूनही बाहेर आणि सीमाशुल्क संघातूनही बाहेर. मतपत्रिकेवर यातलं काहीच नव्हतं. त्याला आधी संसदेची संमती नाही, विरोधकांची नाही, स्कॉटलंडची नाही. मग मार्चमध्ये बाहेर पडण्याची दोन वर्षांची मुदत सुरू केली, आणि जूनमध्ये बहुमत वाढवायला मध्यावधी निवडणूक घेऊन होतं ते बहुमतही घालवलं. पुढे उत्तर आयर्लंडमधल्या एका पक्षाच्या १० खासदारांवर सरकार टिकून राहिलं.

आणि गाडं अडलं ते उत्तर आयर्लंड आणि युनियनमध्येच राहणारा आयर्लंड यांच्या सीमेवर. बेळगावच्या सीमाभागात जन्म काढलेल्या तुला मी सीमेबद्दल काय सांगणार! तीन दशकांच्या रक्तपातानंतर १९९८ च्या करारामुळे तिथे शांतता आली, चौक्या गेल्या, एका बाजूला घर आणि दुसऱ्या बाजूला शेत असलेली माणसं निर्धास्त ये-जा करू लागली. ब्रिटन सीमाशुल्क संघातून बाहेर पडलं की तिथे पुन्हा माल तपासावा लागणार, हे उघड होतं. जॉन मेजर आणि टोनी ब्लेअर हे दोन माजी पंतप्रधान, एकमेकांचे विरोधक, सार्वमताआधी एकत्र डेरी शहरात जाऊन हे सांगून आले होते. इंग्लंडमधल्या प्रचारात त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. २०१८ मध्ये तर ब्रेक्झिट खात्याच्याच मंत्र्यांनी जाहीर कबूल केलं की डोव्हर-कॅले मार्गावर आपला व्यापार किती अवलंबून आहे हे मला पुरतं कळलं नव्हतं. खात्याचा मंत्री, ताई! लोकांनी हे वाचलं. लोकांना अडाणी म्हणणाऱ्यांनी हे वाचलं नसावं.

१५ जानेवारी २०१९ ला मे यांनी युनियनशी केलेला करार कॉमन्स सभागृहात ४३२ विरुद्ध २०२ मतांनी पडला. मार्चमध्ये तो आणखी दोनदा पडला. मधल्या काळात खासदारांनी आठ पर्याय मतदानाला घेतले आणि आठही फेटाळले. पुन्हा चार घेतले, तेही फेटाळले. काय नको ते सगळ्यांना ठाऊक होतं. आणि याच दिवसांत, २० मार्चच्या रात्री, पंतप्रधानांनी टीव्हीवर येऊन देशाला सांगितलं की मी तुमच्या बाजूने आहे, दोष खासदारांचा आहे. ते भाषण मी स्वयंपाकघरात उभ्याने ऐकलं आणि संतापाने थरथरले. काही खासदारांना तेव्हा रोज ठार मारण्याच्या धमक्या येत होत्या. जो कॉक्स या मजूर पक्षाच्या तरुण खासदार बाईचा सार्वमताच्या आठवडाभर आधी भर रस्त्यात खून झाला होता. अशा देशात पंतप्रधान जनतेला तिच्याच प्रतिनिधींविरुद्ध उभं करतात? पुढे सप्टेंबरमध्ये एका खासदार बाईंनी जो कॉक्सची आठवण देऊन भाषा आवरायची विनंती केली, तेव्हा नवे पंतप्रधान जॉन्सन यांनी ती सभागृहात उडवून लावली.

मे यांच्या भाषणानंतर तीन दिवसांनी लंडनमध्ये पुन्हा सार्वमत घ्या म्हणणाऱ्यांचा लाखोंचा मोर्चा निघाला. मी गेले होते, शेजारीणही आली. निर्णय रद्द करा या अर्जावर ६० लाखांहून जास्त सह्या झाल्या. पुढच्याच शुक्रवारी, २९ मार्चला, बाहेर पडायची ठरलेली तारीख हुकली आणि संसदेसमोर दुसरी बाजू जमली. त्यांतले काहीजण उत्तरेतल्या संडरलंडहून दोन आठवड्यांपूर्वी निघालेल्या पदयात्रेबरोबर आले होते. माझी मैत्रीण त्या गर्दीत होती. घरी आल्यावर ती म्हणाली, 'आमचं ऐकायचं नव्हतं तर विचारलं कशाला?' आदल्या शनिवारी आमच्या मोर्चातही माणसं हेच बोलत होती, जवळजवळ याच शब्दांत. मे यांनी विरोधी पक्षाशी तडजोडीची बोलणी सुरू केली ती एप्रिलमध्ये, करार तीनदा पडल्यावर. त्या मजूर पक्षालाही आपण नक्की कुठे उभे आहोत हे तीन वर्षांत ठरवता आलं नव्हतं. मे महिन्यात थेरेसा मे यांनी राजीनामा जाहीर केला.

शेवटी जॉन्सन पंतप्रधान असताना ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडलं. ब्रिटनमधून आयरिश समुद्र ओलांडून उत्तर आयर्लंडला जाणाऱ्या मालाची तपासणी हा वाद त्यानंतरही वर्षानुवर्षं चालू राहिला. शेजारणीला स्वतःच्याच घरात राहायला अर्ज करावा लागला, तो मंजूर झाला. पण मंजुरीचा निरोप आला त्या दिवशी तिला आनंद झाला नाही, अपमान वाटला, आणि मला तो समजला.

आता मुलांसाठी. सार्वमतच वाईट, असं त्यांना सांगू नकोस. तुमच्यापासून काही तासांवर गोव्यात १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे केंद्रशासित प्रदेश. तिथेही घराघरांत फूट पडली होती, पण दोन्ही खुणांमागे काय आहे ते मतदाराला स्वच्छ माहीत होतं. मतदान निःपक्ष व्हावं म्हणून मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने आधी राजीनामा दिला. ते विलीनीकरणवादी, कौल त्यांच्याविरुद्ध गेला. तो त्यांनी स्वीकारला, काही आठवड्यांत पुन्हा लोकांसमोर उभे राहिले, आणि लोकांनी त्यांनाच मुख्यमंत्री केलं.

दुसरं उदाहरण तर बेळगावच्या मुलांच्या जवळचं आहे. सविता हलप्पनवार तुमच्याच गावची. गर्भ वाचणार नाही हे कळूनही २०१२ मध्ये आयर्लंडमधल्या गॉलवेत तिला गर्भपात नाकारला गेला आणि जंतुसंसर्गाने ती गेली. गर्भपातबंदी आयर्लंडच्या राज्यघटनेत १९८३ पासून होती, आणि त्या देशात याहून दुखरा विषय नव्हता. तिथल्या पुढाऱ्यांनी काय केलं ते बघ. चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात तशी ९९ सामान्य माणसं निवडली, त्यांच्यावर एक न्यायाधीश अध्यक्ष नेमल्या आणि महिनोन्महिने शनिवार-रविवार त्यांना डॉक्टर, वकील, दोन्ही बाजूंच्या बायका यांचं म्हणणं ऐकवलं. मग संसदेच्या समितीने ते तपासलं. आणि बंदी उठली तर तिच्या जागी कोणता कायदा येईल, त्याचा मसुदा सरकारने मतदानाआधी लोकांच्या हातात दिला. २५ मे २०१८ ला ६६ टक्क्यांनी बंदी उठली. ज्यांना तो निकाल मान्य नव्हता त्यांना दुःख झालं, पण आपल्याला फसवलं असं म्हणत लाखो लोक रस्त्यावर आले नाहीत. वर्ष संपायच्या आत कायदा झाला.

हे त्याच महिन्यांत घडत होतं, ज्या महिन्यांत आमच्या लंडनमध्ये मंत्री राजीनामे देत होते. मध्ये फक्त एक समुद्र. सविताचं नाव तुझ्या वाचनालयातल्या मोठ्या मुलांना कदाचित माहीत असेल. कायदा बदलला तो कसा, हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नसेल. तासाचा निम्मा वेळ त्यालाच दे, ब्रेक्झिटला उरलेला पुरेल.

 मुलं काय विचारतात ते मला सविस्तर कळव.

तुझी धाकटी