आमचा छंद आणि मायचीं गाणीं

मनुष्यास एखादा तरी छंद असावा, असें थोर लोक सांगतात. तो कोणता असावा हें मात्र कोणी सांगत नाहीं. म्हणून आमचें फावलें. कोणी पोस्टाचीं तिकिटें जमवितो, कोणी गुलाबाचीं कलमें करतो. आम्ही जुने संगणक गोळा करून त्यांवर लिनक्स घालतों. आमचा धंदाही प्रोग्रॅम लिहिण्याचाच आहे. जळगांवांत घरीं बसून आम्ही पुण्याच्या एका कचेरीचें काम करतों, आणि तें संपलें कीं विश्रांति म्हणून पुन्हां संगणकासमोरच बसतों. हलवायानें दुकान बंद करून घरीं यावें आणि करमणूक म्हणून जिलब्या तळीत बसावें, तसला हा प्रकार आहे, असें आमच्या सौभाग्यवतींचें मत आहे. आणि त्यांचें मत म्हणजे घरांत बहुधा कायदाच असतो.

बालवाचक विचारतील, हें लिनक्स आहे तरी काय? संगणकाचें यंत्र म्हणजे नुसतें घर. त्यांत चूल कोठें, पाणी कोठें, पाहुणा आला तर त्याला बसवावयाचें कोठें, ही सारी व्यवस्था पाहणारी कारभारीण म्हणजे कार्यप्रणाली. लिनक्स ही अशीच एक कारभारीण आहे. फिनलंड देशांतील हेल्सिंकी येथें शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं तिचा गाभा केवळ हौसेनें लिहिला. त्याआधीं १९८३ सालीं अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं ग्नू हा उपक्रम आरंभिला होता. त्याचें तत्त्व असें कीं, प्रोग्रॅम ज्याच्या हातीं येईल त्यास तो उघडून पाहण्याची, दुरुस्त करण्याची व त्याची प्रत शेजाऱ्यास देण्याची मोकळीक असावी. आमच्या खानदेशांत वांग्याच्या भरिताची कृति कोणी कुलपांत ठेवीत नाहीं. शेजारीण विचारते, घरीं करून पाहते, एखादी मिरची वाढविते आणि पुढें तिसरीला सांगते. तसेंच हें. १९९२ सालीं टोरवाल्ड्स यांनीं आपला गाभा याच मोकळ्या परवान्याखालीं दिला, आणि देशोदेशींच्या हजारों लोकांनीं त्यांत भर घातली. नोव्हेंबर २०१७ पासून जगांतील पहिल्या ५०० महासंगणकांवर लिनक्सच चालत आलें आहे. आणि ज्यांच्या घरीं अँड्रॉइड फोन आहे त्यांच्या खिशांतही याच गाभ्याचें राज्य आहे.

या मोकळिकीचा लाभ आमच्या घरीं सर्वांत आधीं मुलांनीं घेतला. संगणकांतील फायलींची यादी पाहावयाची तर 'एलएस' हीं दोन अक्षरें लिहावीं लागतात. घाईंत तीं उलटीं पडून 'एसएल' झालीं, तर पडद्यावरून धूर सोडीत आगगाडी जावी, असा एक गमतीचा प्रोग्रॅम आहे. तो चिरंजिवांनीं आमच्या नकळत बसवून ठेविला. एके दिवशीं कचेरीच्या कामाची ऐन घाई असतांना आमचीं बोटें चुकलीं, आणि इंजिन डुलत डुलत निघालें. तें पडद्याबाहेर जाईपर्यंत दुसरें कांहीं करतां येईना. मागें उभी असलेली कन्या टाळ्या पिटून ओरडली, "बाबा, भुसावळ पॅसेंजर!" पोळ्याच्या दिवशीं तर 'काउसे' नांवाच्या प्रोग्रॅमनें अक्षरांची गाय काढून तिच्या तोंडीं "पुरणपोळी केव्हां?" असा प्रश्न घातला. गाय काय आणि बैल काय, सण एकच, असा मुलांचा निकाल झाला.

पुढें सौभाग्यवतीही या कटांत सामील झाल्या. ठरलेल्या वेळीं ठरलेलें काम करणारा 'क्रॉन' आणि लिहिलेलें वाचून दाखविणारा 'ईस्पीक' अशा दोघांची त्यांनीं मुलांकडून जोडी जमविली. तेव्हांपासून रोज दुपारीं एक वाजतां आमचा संगणक, परदेशांतून नुकताच मराठी शिकून आलेल्या पाहुण्याच्या आवाजांत, "बाबा, ताट वाढलें आहे" असें पुकारतो. आम्ही "हो, आलों" म्हणतों आणि आणखी अर्धा तास हलत नाहीं. निदान पूर्वीं हलत नव्हतों.

आतां ज्यासाठीं हा लेख लिहावयास घेतला, त्या गोष्टीकडे वळतों. आमची माय धुळ्यास असते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अंगणांतल्या निंबाला झोका बांधावयाचा, सांजोऱ्या व आमरसाचें जेवण व्हावयाचें, माहेरीं आलेल्या आत्यांनीं व पुढें बहिणींनीं झोक्यावर बसावयाचें, आणि मायनें गौराईचीं गाणीं सुरू करावयाचीं, हा आमच्या घरचा क्रम ठरलेला. तीं गाणीं अहिराणींत आहेत. मायला तीं तिच्या आईकडून मिळालीं. कागदावर तीं कोठेंच नव्हतीं. सहा वर्षांपूर्वींच्या आखाजीस आम्हीं तिच्यासमोर फोन ठेवून एकतीस गाणीं ध्वनिमुद्रित केलीं. तेव्हां बाबा होते. एका गाण्यांत प्रत्येक कडव्याच्या शेवटीं, झोक्याची दोरी धरून उभ्या असलेल्या बाबांचा "हां" असा हुंकार ऐकूं येई. पुढच्याच वर्षीं बाबा गेले. तीं गाणीं आम्हीं संगणकास बाहेरून जोडावयाच्या एका डिस्कवर ठेविलीं आणि निर्धास्त झालों. जें एकाच ठिकाणीं आहे तें नाहींच असें समजावें, हें आम्ही परक्यांना नित्य बजावतों. दिव्याखालीं अंधार म्हणतात तो हाच.

गेल्या आखाजीच्या आठ दिवस आधींची गोष्ट. धुळ्याच्या भाच्यासाठीं एका जुन्या संगणकावर लिनक्स घालावयाचें होतें, आणि त्याकरितां पेन ड्राइव्हवर लिनक्सची प्रत उतरवावयाची होती. या कामाला 'डीडी' नांवाची एक जुनी आज्ञा आहे. कोठून घ्यावयाचें आणि कोठें लिहावयाचें, एवढ्या दोनच गोष्टी तिला सांगाव्या लागतात. ती "नक्की ना?" असें विचारीत नाहीं, सांगितलें तेथें मुकाट्यानें लिहीत सुटते. डिस्क आणि पेन ड्राइव्ह ज्या क्रमानें संगणकास सांपडतील, त्या क्रमानें त्यांस 'बी', 'सी' अशीं अक्षरें मिळतात. त्या दुपारीं वीज गेली, परत आली, क्रम उलटला. आणि आम्हीं मात्र सकाळच्याच अक्षरावर विसंबून कळ दाबली. पेन ड्राइव्हचा दिवा लुकलुकेना. डिस्कचा लुकलुकूं लागला. बाहेर मे महिन्याचें ऊन होतें, तरी आमच्या अंगाला गार घाम सुटला. धांवून वायर उपटली, तोंवर डिस्कचा आरंभींचा भाग पुसला गेला होता.

इतक्यांत सौभाग्यवती चहा घेऊन आल्या. आमचा चेहरा पाहून त्यांनीं सारें ओळखलें. त्या एवढेंच म्हणाल्या, "अहो, आईंना काय सांगणार आहांत?" त्या रागावल्या असत्या तर बरें झालें असतें.

घात आमच्या हातानें झाला. औषध मात्र त्याच मोकळ्या संसारांत मिळालें. एखाद्या जाड ग्रंथाची अनुक्रमणिका आणि पहिलीं पानें फाटलीं, तरी मागचीं प्रकरणें जागच्या जागीं असतात. डिस्कचेंही तसेंच. 'फोटोरेक' नांवाचा एक मोफत प्रोग्रॅम आहे. तो अनुक्रमणिकेची वाट न पाहतां एक एक पान उलटतो आणि सुरुवातीच्या खुणेवरून हें गाणें, हें चित्र, हें पत्र, असें ओळखून काढतो. यांत पथ्य एकच: बिघडलेल्या डिस्कवर यापुढें एक अक्षरही लिहावयाचें नाहीं, जें सांपडेल तें दुसऱ्या डिस्कवर ठेवावयाचें. कारण जें वरून पुसलें गेलें, तें कोणत्याही युक्तीनें परत येत नाहीं. तो प्रोग्रॅम रात्रभर चालला, आणि आम्ही रात्रभर त्याच्यापाशीं बसलों. पहांटे मोजलें, तों सव्वीस गाणीं हातीं लागलीं होतीं. पण अनुक्रमणिकेबरोबर नांवें गेलीं होतीं. प्रत्येक गाण्याला नुसता एक आंकडा उरला होता.

आखाजीला एरंडोल, पारोळा करीत आम्ही सहकुटुंब धुळ्यास गेलों. जळगांवाहून धुळें सुमारें ९५ किलोमीटर. पण इतका लांब रस्ता आम्हांस पूर्वीं कधीं वाटला नव्हता. पोंचतांच मायसमोर बसून अपराध कबूल केला. तिनें ऐकून घेतलें आणि म्हणाली, "भाऊ, डबा बिघडना ते बिघडू दे. मी शे ना!"

दुपारीं सारीं मंडळी निंबाखालीं जमलीं. चिरंजिवांनीं एक एक आंकडा वाजवावा, मायनें पहिल्या सुरालाच गाण्याचें नांव सांगावें, आणि कन्येनें तें देवनागरींत लिहून घ्यावें, असें काम चाललें. घंट्याभरांत सव्वीस अनाथ गाण्यांना आपापलीं नांवें मिळालीं. उरलेलीं पांच कोणतीं, हें बहिणींनीं आठवून सांगितलें. चार मायनें जागच्या जागीं पुन्हां गाइलीं. सहा वर्षांत तिचा आवाज थोडा बसला आहे, शब्द मात्र एकही हरवला नव्हता. पांचवें गाणें बाबांच्या हुंकाराचें होतें. घरांत त्याच सकाळीं त्यांच्या नांवानें घागर भरली होती. मायनें पहिलें कडवें म्हटलें आणि त्याच्या शेवटीं ती क्षणभर थांबली. कोणी कांहीं बोललें नाहीं; झोक्याची दोरी तेवढी करकरली. मग तिनें दुसरें कडवें घेतलें. गाणें परत मिळालें. तो हुंकार मिळाला नाहीं, आणि आतां मिळावयाचाही नाहीं.

परत येतांना आमच्या मनांत एकच विचार घोळत होता. आमच्या खानदेशास उतरून घेण्याची मोठी परंपरा आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं जन्मभर गांवोगांव हिंडून जुनीं दप्तरें गोळा केलीं. १९२६ सालीं ते वारले, आणि दुसऱ्याच वर्षीं धुळ्यास त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ उभें राहिलें. १९३२ सालीं विनोबांनीं धुळ्याच्या तुरुंगांत गीतेवर प्रवचनें दिलीं; तीं साने गुरुजींनीं तेथें बसून लिहून घेतलीं, म्हणून आज तीं आपणांस वाचावयास मिळतात. जळगांवाजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहितां येत नव्हतें. १९५१ सालीं त्या गेल्या. त्यांचीं गाणीं घरच्यांनीं वेळोवेळीं टिपून ठेविलीं होतीं, म्हणूनच १९५२ सालीं त्यांचें पुस्तक निघालें. टिपणारा जवळ बसला नसता, तर तें धन त्यांच्याबरोबरच गेलें असतें. लिनक्सही याच न्यायानें टिकलें आहे. तें कोणा एकाच्या तिजोरींत नाहीं. अनेकांच्या घरीं त्याच्या प्रती आहेत, आणि एकानें बिघडविलें तर दुसऱ्याकडून घेतां येतें.

मायचीं एकतीस गाणीं आतां जळगांवांत आहेत, धुळ्यास भाच्याच्या संगणकावर आहेत, दोन्ही बहिणींच्या घरीं आहेत. आणि कन्येनें तीं शाईनें एका दोनशें पानी वहींतही लिहिलीं आहेत. त्या वहीवर 'डीडी'ची मात्रा चालत नाहीं.

विद्यार्थी मित्रांनो, यंत्र उघडून पाहण्याची हौस जरूर बाळगा. बिघडेल, दुरुस्त होईल, त्यांतून शिकाल. पण उघडण्यापूर्वीं दुसरी प्रत ठेवा. आणि येत्या सुटींत आपल्या आजीपाशीं वही घेऊन बसा. "मी शे ना" असें म्हणणारें माणूस घरांत आहे, तोंवरच तें काम होण्यासारखें आहे. पालकांस विनंति एवढीच कीं, मूल तिच्यापाशीं बसलेलें दिसलें, तर घंटाभर त्याला अभ्यासाची आठवण करूं नये.

आमच्यापुरतें म्हणाल, तर छंद सुटलेला नाहीं. सुटेल असें वाटतही नाहीं. मात्र दुपारीं एक वाजतां संगणकानें हांक मारली कीं, आम्ही पहिल्या हांकेला उठतों.