आजीच्या वेलाची कांडी

तोंडलीचा वेल बी टाकून कोणी करत नाही. बी उगवतं, नाही असं नाही. पण पपईसारखी यातही नर-मादीची भानगड आहे. बियांच्या वेलांत साधारण निम्मे नर निघतात. नराला पांढरी फुलं भरपूर, तोंडलं एकही नाही. म्हणून बाया लागता वेल बघून त्याचीच कांडी मागून आणतात. मादीची कांडी मादीच होते. ओळखायचं तर फूल उलटं करून बघावं. बुडाला इवलंसं हिरवं तोंडलं दिसलं तर मादी, नुसता देठ असला तर नर.

कांडी जून घ्यावी, पेन्सिलीएवढी जाड, तीन-चार डोळ्यांची. पानं काढून टाकायची, कारण मुळ्या नसताना पानं ओल उडवतात. उसाची टिपरी आपण आडवी दाबतो. ही मात्र उभी, दोन डोळे मातीत ठेवून लावायची. ओल हवी, पण पाणी साचलं की कांडी कुजते. कोंब फुटला म्हणजे मुळ्या सुटल्या असं समजू नये. कांडीत साठलेल्या अन्नावरही कोंब येतो. पोरं उपटून बघतात, त्यांना आवरावं.

बिअरला कडवटपणा आणणाऱ्या हॉप्सच्या वेलाचंही असंच. आपल्या देशात तो हिमाचलातल्या लाहौलला होतो. त्यातही नर-मादी वेगळे आणि उपयोगाची फुलं मादीची. म्हणून तिथंही बियाऐवजी जमिनीतल्या खोडाचे तुकडे नाहीतर कांड्या लावतात.

आमच्या घरचा वेल माझ्या आजोळचा. जायकवाडी धरण 1976 साली पुरं झालं. नाथसागराच्या पाण्याखाली गोदाकाठची गावं गेली, त्यात नेवासा तालुक्यातलीही होती. आजोळचं घर त्यातच गेलं. गाव उठलं तेव्हा मामांनी चौकटी, तुळया, पत्रे बैलगाडीत भरले. आजीनं न्हाणीजवळच्या वेलाच्या कांड्या कापून ओल्या फडक्यात बांधल्या. मामा म्हणाले, "आई, नव्या गावात वेल मिळंल की."

"वेल मिळंल रे, पण ह्यो नाय मिळायचा."

आजीला अक्षरओळख नव्हती, पण बोलली ते शास्त्राला धरून होतं. बियाचा वेल म्हणजे लेकरू, नर निघो की मादी. कांडीचा वेल म्हणजे तोच वेल, जागा तेवढी बदललेली. तिनं दोन कांड्या नव्या घरी लावल्या, बाकीच्या लेकींना वाटल्या. एक आमच्या आईला आली, एक धाकट्या मावशीला. न्हाणीच्या सांडपाण्यावर आमचा वेल मांडवभर पसरला. थकला की आई त्याचीच नवी कांडी शेजारी लावायची.

2013 च्या उन्हाळ्यात विहीर आटली. माणसांनाच टँकरचं पाणी, तिथं सांडपाणी कुठून यावं? वेल बुडापासून वाळला. मामांकडचा तर आधीच गेला होता. पाऊस पडल्यावर मी मावशीकडं गेलो. तिच्या मांडवावर तोंडली लोंबत होती. तिनं चार कांड्या कापून ओल्या फडक्यात बांधून दिल्या.

आजीनं सगळ्या कांड्या स्वतःच्याच अंगणात लावल्या असत्या तर त्या वर्षी आजोळची शेवटची खूणही गेली असती. तेव्हापासून कोणी कांडी मागितली तर मी दोन देतो. पुण्याला बहिणीच्या गच्चीवर पत्र्याच्या डब्यात एक आहे. शेजारणीनं मागितली तर नाही म्हणू नकोस, एवढंच तिला सांगून ठेवलंय.