आतल्या चाकाची हवा

मानवतहून कापसाच्या गाठी भरून आमचे दादा रात्री ट्रक काढतात. मागच्या जोडीत आतल्या चाकाची हवा गेली, तर सगळा भार बाहेरच्यावर. ते तापून फुटते. म्हणून नवी चाके बसवली तेव्हा व्हॉल्व्हवरचे सेन्सर आम्ही जपून काढून लावले. प्रत्येकाचा क्रमांक वेगळा. कोणता कुठल्या चाकावर, हे केबिनमधल्या मॉनिटरला पुन्हा शिकवावे लागते. हवा मात्र टायर थंड असतानाच भरावी. परभणीच्या उन्हात तापलेला टायर दाब वाढवून दाखवतो. २०२० साली सेन्सर आणि पंक्चरचे किट असलेल्या लहान प्रवासी गाड्यांना स्टेपनी न ठेवण्याची मुभा मिळाली. ट्रकला नाही, हे बरेच झाले. वहिनी तर अजूनही टायरवर टॉमी वाजल्याचा आवाज ऐकल्याशिवाय दारातून आत जात नाहीत.